कमल बोलली म्हणून

माहं माहेर नेरकडचं, अन् माही माय जल्मापासून बहिरी, तिले बोलता बी नाई ये, गावात कोनी तिले नावानं हाकच मारे नाई, मुकी म्हनत, अन् मले मुकीची शांता. पन माय अन् मी हातानं बोलो. कापूस येचता येचता तिची पाटलीनबाईची नक्कल चालू, तिची चाल, तिचं कमरेवर हात ठेवनं, मी हासून हासून ओटीतला कापूस सांडून टाको. घरच्या घरी बनवलेल्या खुना होत्या त्या, आमच्या दोघीपुरत्याच.

लगन झालं तं पांढरकवड्याले आली, नवरा ट्रकवर, घरी कमी अन् रोडवर जास्त. आमच्या गल्लीच्या टोकाले चर्च हाय, लहानसंच, वरतून टिनं. तिथल्या पास्टर साहेबाले कोनी सांगतलं का या बाईले मुक्याईची भाषा येते. ते घरी आले, म्हने बाई, रविवारी बहिरे लोकं येतात, बसतात, माह्या तोंडाकडं पाहून पाहून त्याईले झोप येते. म्या म्हटलं साहेब, झोप तं आयकू येनाऱ्याईले बी येत असन. हासले बिचारे. मंग त्याईनंच मले नागपूरले धाडलं, खुनाईची खरी भाषा शिकाले, अन् तवापासून दर रविवारी ते तोंडानं बोलतात अन् मी हातानं. बहिरा मानूस हातानं बोलला का ते मले तोंडानं सांगा लागते, अन् त्याच्याच वानी सांगा लागते, ‘तो म्हनते’ असं नाई, ‘मी म्हनतो’ असं. शिकवतानीच तसं सांगतलं होतं.

आता कमलचं काय सांगू तुमाले दादा. जंगलाकडच्या गावची पोरगी, तिची सासू तिले घेऊन आली, का देवाच्या घरी तरी हिचे कान उघडतीन. पास्टर म्हनले, कानाचं माह्या हाती नाई माय, बोलाले मातर शिकवू. शिकवाले बसली तं पाह्यलं, तिले चारच खुना येत, खा, ये, जा, अन् मारीन, म्हंजे नुसता उगारलेला हात. त्या बी नवऱ्यानंच शिकवलेल्या. माह्या अंगाची आग झाली. पन पोरगी हुशार, वरीसभरात अशी बोलाले लागली का तिले थांबवा लागे.

आमच्यात साक्ष द्यायची रीत हाय, ज्याले वाटन त्यानं उठावं अन् आठवड्यात देवानं काय केलं ते सांगावं, कोनाचा ताप उतरला, कोनाची हारपलेली म्हैस सापडली. तं एक रविवारी कमल उठली. सांगाले लागली, अन् मी तोंडानं बोलाले लागली, का नवरा मले कुऱ्हाडीच्या दांड्यानं मारते, भाकर करपली तं मारते, दारू नाई भेटली तं मारते, पोटात लेकरू होतं तं पोटावर लाथ मारली, ते लेकरू गेलं. माह्या पोटावर लाथ मारली, असंच निंघालं माह्या तोंडून. पास्टरनं इचारलं, अन् देवानं काय केलं? ती म्हने, आज मले सांगता येऊन राह्यलं, हे केलं.

अन् पास्टर, मानूस लय भला, पन भल्या मानसाले कुठी काय बोला ते समजत नाई. घरोघरी भेट द्यायची त्याईची सवय, गेले तिच्या नवऱ्याकडं, त्या देवरावकडं, समजवाले. म्हने बापू, कमलनं सबन सांगतलं आमाले, आता सुधर. अरे बाप्पा! इतके वर्षं त्याले वाटे का मुकी बायको म्हंजे बंद पेटी, मारा किती बी, बाहीर काई जात नाई. कळलं तवा त्याचं टकुरं फिरलं.

पुढच्या रविवारी आला, दोघं भाऊ संगं घेऊन. आमच्या हॉलच्या खिडक्या आमी बंदच ठेवतो, मांगून ऊन आलं का हात दिसत नाईत, म्हनून दिवसा बी ट्यूबलाईट लावा लागते. अन् बहिऱ्याईले हाक कशी मारान तुमी? लाईट बंद करा लागते. लाईट गेली का सबन चूप, समोर तोंड करून बसतात, का आता काईतरी सांगनार हायेत. त्या देवरावनं बाहीरूनच मेन स्वीच पाडला. सगळे हात खाली घेऊन, समोर तोंड करून, शिस्तीत बसले हो! मले पायाचा आवाज आला, मी वरडली पळा पळा, पन कोनाले वरडली मी?

दार उघडलं तवा उजेडात दिसलं. डोक्यावर नाई मारलं त्यानं, पाठीवर नाई, हातच धरला कमलचा, खुर्चीवर दाबला अन् दांडा हानला, एकदा, मंग अजून. हाड मोडल्याचा आवाज म्या आयकला, त्या हॉलात आयकनारी मीच. तिच्या भाषेचा जीव त्या हातात, ते त्याले बराबर समजलं होतं. म्या लोखंडाची खुर्ची उचलली अन् घातली त्याच्या टाळक्यात. रगत उडालं माह्या लुगड्यावर. त्याच्या भावानं माह्या तोंडावर बुक्की हानली, हे समोरचे दात पाहा, तवाचेच गेले. मंग आमचे गडी उठले, ज्याईचा आवाज कधी कोनी आयकला नाई ते असे वरडले का गल्ली जमा झाली. पास्टर मधात पडले, त्याईची बी बरगडी गेली.

पोलिसात म्हने मुकी बाई फिर्याद काय देईन. एका हाताले पलस्तर होतं तं दुसऱ्या हातानं तिनं सगळं सांगतलं, मी बोलली. केस चालू हाय. पास्टर म्हनतात शांताबाई, माफ करा लागते. म्या म्हटलं तुमी करा साहेब, तुमची बरगडी जुडली, तिची दोन बोटं वाकडीच राह्यली. माह्याच घरी राहते ती आता.

देवराव जमानतीवर सुटला तं मागच्या रविवारी चर्चच्या फाटकात येऊन उभा. मले म्हने, सांग तिले, घरी चाल, मारनार नाई. माहं काम हाय दादा, म्या सांगतलं, जसं बोलला तसंच. कमलनं वाकड्या बोटाईनं उत्तर देलं, अन् मी तोंडानं बोलली, मी तुले रोज म्हनत होती नको मारू. तुले माहे हात समजतच नोहोते. मी येत नाई. तो म्हने, हे तू बोलून राह्यली का ती? म्या म्हटलं, तीच.

त्यानं हात उगारला. अंगनातले सगळे बहिरे त्याच्या त्या हाताकडं पाहाले लागले, कोनी पुढं नाई आलं, कोनी मांगं नाई सरलं, नुसते पाहात राह्यले. मारीन, एवढंच लिवलं होतं त्याच्यावर, अन् ते सगळ्याईले वाचता येत होतं. तो हात त्यानं हळूच खिशात घातला अन् गेला. देव तिचे हात चालते ठेवो दादा, दुसरं काई मांगनं नाई.