शिमल्याची बस

आमच्या माई आत्याला तुम्ही कुणी पाहिलेलं नाही. गिरगावात जन्मली, गिरगावातच दिली. दादरला जायचं तरी तिला अप्पा, म्हणजे तिचे यजमान, सोबत लागायचे. संयुक्त महाराष्ट्रासाठी दिल्लीला मोर्चा निघाला, तेव्हा अप्पांबरोबर तीही गेली. तिथल्या रस्त्यांवर घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या आणि बाईची भीडच चेपली.

परतीच्या दिवशी स्टेशनबाहेर एक बसवाला ‘शिमला, शिमला’ ओरडत होता. आत्या सरळ आत चढली आणि खिडकीशी जाऊन बसली.

अप्पा खालून ओरडले, “अगं, उतर! आपली गाडी सुटेल.”

“सुटू दे. बर्फ बघून येऊ. इथवर आलोय, परत कधी येणार?”

“माझी रजा संपली गं. पुढच्या वर्षी नक्की आणतो. तुझी शपथ!”

आत्या उतरली. मुंबई येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत बसून होती.

पुढच्या वर्षी अप्पांना अर्धांगवायू झाला. मग कसली दिल्ली नि कसलं शिमला! आत्या त्यांच्या उशाशी अडकली ती अडकलीच.

महाराष्ट्र झाला तेव्हा सगळं गिरगाव दिव्यांनी उजळलं होतं. मी पेढे घेऊन गेलो. अप्पांना रडू आवरेना. अंथरुणातूनच म्हणाले, “अगं, मिळाली आपल्याला मुंबई!”

आत्याने पदराने त्यांचे डोळे पुसले, पेढ्याचा तुकडा भरवला आणि हळूच म्हणाली,

“मुंबईत तर मी जन्मापासून आहे हो. बर्फ तेवढा बघायचा राहिला.”