विहिरीचा दुसरा रिपोर्ट

आमच्या मामाजीसमोर, म्हणजे माझ्या सासऱ्यासमोर, त्यायच्या विहिरीच्या पाण्याले जड म्हणून पाहा कोणी! बादल्यायवर पांढरे थर चढत होते, डाळ शिजत नव्हती, म्हणून शेवटी घरात पाणी मऊ करायचं मशीन, सॉफ्टनर, बसवलं. मग मामाजीनं पाणी तपासाले देल्लं. रिपोर्ट आला, पाणी एकदम मऊ. तो कागद घेऊन ते शहापूरच्या सगळ्या चहाटपऱ्या फिरले.

मी विचारलं, "मामाजी, बाटली कुठून भरली होती?"

"स्वयंपाकघरातल्या नळातून. काहून?"

"त्या नळाले तं सॉफ्टनरचं पाणी येते. हा रिपोर्ट मशीनचा झाला, विहिरीचा नाही. आन जंतू तं तपासलेच नाही. मशीन जंतू काढत नाही."

मामाजी ताटावरून उठले. सासूबाई माझ्याकडं अशा पाहून राहिल्या, की मीच विहीर बुजवली.

दुसऱ्या दिवशी मामाजी लॅबमधून नवी बाटली घेऊन आले. "चाल पिंकीची माय, तूच भर." लग्नाले बारा वर्षं झाली, पण सुनेचं नाव त्यायच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. मी थेट विहिरीतून बाटली भरली.

पाणी जडच निघालं, पण जंतू एकही नाही. तो कागद आता बैठकीत लावला आहे. घरी येईल त्याले मामाजी वाचून दाखवतात. जडपणाची ओळ भरभर वाचतात. शेवटची मात्र चष्मा पुसून, मोठ्यानं:

"नमुना घेणाऱ्याचं नाव, वंदना."