प्रारंभिक मान

गणितात जातपात नसते असं मले कोणी सांगू नका, गड्यांनो. परवा मध्य प्रदेशातल्या सौसरच्या कॉलेजात मी अवकल समीकरण, म्हणजे डिफरन्शियल इक्वेशन, शिकवून राहिलो होतो. पोरं मराठी, पुस्तक हिंदी. म्हटलं, "हा वाढीचा नियम आहे. जितकं आपल्याजवळ असन, तितकं जोरात वाढते. पण सुरुवात कुठून झाली ते सांगा लागते. त्यालेच प्रारंभिक मान म्हणतात."

हिंदीत मान म्हणजे किंमत, आपल्यात इज्जत. मोहगावची शीतल उठली.

"सर, सुरुवातीले तर मले लय मान भेटला."

पोरं हसले. ते नाही हसली.

"काल रूम पाहाले गेली होती. काकूनं पाणी देल्लं, चाबी हातात देल्ली. मंग आडनाव विचारलं. मी सांगतलं, तं चाबी वापस घेतली. म्हणे, आमच्याकडं पाहुणे येऊन राहिले."

 मी खडू घेऊन फळ्याकडं वळलो.

शीतलच म्हणे, "सर, सुरुवातीचा मान शून्य असला तं?"

खोटं कसं सांगू? म्हटलं, "मंग शेवटपर्यंत शून्यच राहते, बेटा."

तिनं ते लिहून घेतलं. "सर, हे पेपरात येते?"

"येते," म्हटलं. "दरवर्षी येते."