पकड

धाकटा : सकाळपासून सात वेळा फोन लावला तुला. कालही दुपारनंतर बंदच होता.

ताई : काल मुद्दाम बंद ठेवला होता. आज चालू करायचा राहिला. बस. त्या स्टुलावर नको, काजळी आहे, पँट खराब होईल तुझी.

धाकटा : ताई, साडेअकराला ती माणसं येतायत. शेड बघणार, प्रेस बघणार, साचे मोजून घेणार आणि सह्या होणार. त्यासाठी रजा टाकून आलोय मी. आणि तू कोपरापर्यंत काळी होऊन उभी आहेस.

ताई : सह्या होणार नाहीत.

धाकटा : आज नाहीत?

ताई : होणारच नाहीत. मी शेड विकत नाहीये. तुला आधी सांगायला हवं होतं, ते चुकलं माझं. पण माझंच नक्की काल संध्याकाळी झालं, आणि फोनवर सांगण्यासारखं नव्हतं ते.

धाकटा : हे गिऱ्हाईक मी माझ्या हौसेनं शोधलेलं नाही. मागच्या वर्षी माझ्या घरी जेवताना काय म्हणालीस, आठवतंय?

ताई : आठवतंय.

धाकटा : म्हणालीस, बावीस वर्षं रबराच्या वासात काढली. वॉशर बनवते, बुश बनवते, मशीनच्या पायाखालचे गट्टू बनवते, पुढं त्यांचं काय होतं देव जाणे. सकाळी शटरला हात लावला की हात जड होतो. त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या बहिणीचा हात जड होतोय म्हणून मी पळापळ केली.

ताई : माहीत आहे रे मला. म्हणून तर सगळं पहिल्यापासून सांगणार आहे. चहा घेतोस?

धाकटा : आधी सांग.

ताई : आपण काठीची टोपणं बनवतो.

धाकटा : काठीच्या टोकाला बसतं ते काळं बूच. एकूण मालात ते नखाएवढं. घेणारी कंपनी ते बंदच करणार होती.

ताई : हो, आणि मीही म्हटलं होतं, करा बंद. तर महिन्यापूर्वी दुकानदाराकडून एक पुडकं परत आलं. आत एकच टोपण आणि एक चिठ्ठी. अक्षर अगदी सरळ, शाळेतल्यासारखं. लिहिलं होतं, तुमचं टोपण तीन महिन्यांनंतरही नव्यासारखं आहे, कारण ते लावल्याच्या दुसऱ्या दिवशी ओल्या फरशीवर घसरलं आणि तेव्हापासून मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलेलं नाही. खाली सही. सहीखाली, निवृत्त परिचारिका, प्रसूती विभाग.

धाकटा : एखादी तक्रार येतेच. बदलून द्यायचं.

ताई : तेच करत होते. दुसरं टोपण पुडक्यात घातलं, वर पत्ता लिहिला. हे आपले मिस्त्री तेव्हा शेजारी उभे होते. त्यांनी माझ्या हातातून टोपण घेतलं, नखानं दाबून बघितलं आणि परत ठेवलं.

धाकटा : काय बघितलंत, मिस्त्री?

मिस्त्री : नख रुतलं नाही.

धाकटा : म्हणजे?

मिस्त्री : माल कडक. तुमच्या वडिलांच्या वेळी मऊ असायचा. मऊ रबर फरशीला धरतं, पण लवकर झिजतं. कडक रबर टिकतं. धरत नाही.

ताई : चार वर्षांपूर्वी मीच ते कडक केलं. दुकानदार कुरकुरायचे, सहा महिन्यांत झिजतं म्हणून. मिश्रण बदललं, कुरकुर थांबली. तेव्हा मिस्त्री म्हणाले होते, बाई, याची पकड गेली. मी म्हटलं, टिकतंय ना, झालं तर मग. तेव्हा मी हिशोबानं अगदी बरोबर होते, बरं का. आणि त्या चार वर्षांत एकदाही काठी हातात घेऊन चालून बघितलं नाही. तर ते पुडकं टपालात टाकलं नाही. पिशवीत घातलं आणि स्वतः गेले.

धाकटा : त्या बाईंकडे?

ताई : सिस्टरांकडे. सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणते. तळमजल्यावर एकट्या राहतात. बेल वाजवल्यावर दार उघडायला पाच मिनिटं लागली. आतून आवाज येत होता, आधी टेबल सरकलं, मग खुर्ची, मग कपाट करकरलं. एकेक वस्तू धरत येत होत्या. काठी मात्र दाराजवळ उभी. दोन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडलेलं, पण चांगलं जुळलं होतं. चालायच्या. ती काठी न्हाणीघराच्या दारात सटकली. पडल्या नाहीत, बेसिन धरलं. पण भीती जी बसली ती बसली. भाजी शेजारीण आणते, औषधं शेजारीण आणते. चाळीस वर्षं ज्या बाईनं प्रसूतीच्या वॉर्डात दुसऱ्यांना धीर दिला, तिनं डोकेदुखीच्या गोळीसाठी भिंतीवर थाप मारायची. मला म्हणाल्या...

धाकटा : काय म्हणाल्या?

ताई : म्हणाल्या, "पडले असते तर हाड पुन्हा जोडलं असतं. हे कशानं जोडू?"

धाकटा : मग?

ताई : मग काय. पिशवीतलं टोपण पिशवीतच ठेवलं, तेही कडकच होतं. खाली मान घालून खरं ते सांगितलं, माल मी कडक केला. वाटलं, हाकलून देतील. तर त्यांनी माझी शाळाच घेतली. मला वही काढायला लावली. फरशी कुठं ओली असते, पाय कधी अडतो, उतारावर काठी कशी तिरकी पडते, सगळं लिहून घ्यायला लावलं. मध्येच म्हणाल्या, अक्षर सुधार. आणि निघताना म्हणाल्या, जमलं तर ये, नाही जमलं तरी येऊन सांग.

धाकटा : हे महिन्यापूर्वीचं. मला का नाही सांगितलंस?

ताई : काय सांगू? शेड विकायला काढलीये आणि मी तिच्यातलं सगळ्यात फुटकळ टोपण सुधारत बसलेय, हे? तू डॉक्टरकडे नेलं असतंस मला.

मिस्त्री : त्यांनी आम्हाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही प्रेस थांबवल्या, आठही माणसं बोलावली. कडा कापणाऱ्या बायकासुद्धा. म्हणाल्या, चार वर्षांपूर्वी मिस्त्री बरोबर होते आणि मी चुकले. एवढंच. तीस वर्षं नोकरी केली, मालकाच्या तोंडून असलं वाक्य पहिल्यांदा ऐकलं. घरी जाऊन बायकोला सांगितलं. तिला वाटलं, पगार वाढला.

ताई : तोही बघू, मिस्त्री.

मिस्त्री : मी मागितला नाही. आपलं बोलण्यात आलं.

धाकटा : आणि ती अंगणातली फरशी? मघाशी येताना मी घसरणार होतो. कुणीतरी साबणाचं पाणी ओतून ठेवलंय.

ताई : तिथंच तर परीक्षा घेतो आम्ही. चौदा नमुने झाले. प्रत्येक नमुना लावून मी काठीनं त्या फरशीवर चालायचं.

धाकटा : तू?

मिस्त्री : कमरेला दोरी बांधून. दुसरं टोक मी धरायचो. पाचव्या नमुन्याला दोघंही पडलो.

ताई : ते सांगायची गरज नव्हती. तर मऊ केलं की धरायचं, पण दोन दिवस फरशीवर घासलं की झिजून आतली पत्र्याची चकती उघडी पडायची. पत्रा फरशीवर म्हणजे अजूनच वाईट. पुन्हा थोडं कडक, पुन्हा थोडं मऊ. मी चिडून सिस्टरांकडे गेले. म्हटलं, धरायलाही हवं आणि टिकायलाही हवं, दोन्ही एकदम होत नाही. तर त्या म्हणाल्या, "झिजू दे ना. मी कुठं म्हटलं टिकू दे? फक्त झिजलंय हे मला वेळेत कळू दे."

धाकटा : कसं कळणार?

ताई : हे बघ. वरचा थर काळा आणि मऊ. त्याच्या आत लाल रबराचा थर. चकती त्याच्याही आत. काठी मांडीवर आडवी घेऊन टोक बघायचं. लाल दिसलं की टोपण बदलायचं, चकतीपर्यंत जायला अजून पुष्कळ वेळ असतो. लाल थर मिस्त्रींनी बसवला. दोन रंग एकमेकांत मिसळत होते, आठ दिवस गेले त्यात.

मिस्त्री : नऊ.

धाकटा : छान आहे. खरंच छान आहे. पण ताई, मी तुझा भाऊ आहे म्हणून स्पष्ट बोलतो. एका टोपणावर आठ माणसांची शेड चालत नाही. महिनाभर चटका लागला, जोर आला. सहा महिन्यांनी पुन्हा तेच गट्टू, तेच वॉशर. पुन्हा हात जड झाला तर? तेव्हा हे गिऱ्हाईक नसेल.

ताई : ही भीती मलाही होती. म्हणून कालपर्यंत तुला नाही म्हणाले नाही. मिस्त्रींच्या मागं भिंतीवर कागद आहे, तो वाच.

धाकटा : ही आपल्या मालाची यादी आहे.

ताई : उजवीकडचा रकाना वाच.

धाकटा : "क्रमांक नऊ, दुधाच्या कॅनच्या झाकणाचं कडं. क्रमांक बारा, शिवणयंत्राच्या पायाखाली. क्रमांक सतरा, शाळेच्या बसच्या आपत्कालीन दाराची पट्टी. क्रमांक तेवीस, चाकाच्या खुर्चीचा ब्रेक." हे कुणी लिहिलं?

ताई : सगळ्यांनी. सिस्टरांकडून पहिल्यांदा आले तेव्हा मी ही यादी घेऊन बसले. एकेचाळीस प्रकार, त्यातले अकरा कशात बसतात हे मला ठाऊक नव्हतं. बावीस वर्षं बनवतेय मी ते. गिऱ्हाइकांना फोन केले. एकजण म्हणाला, बाई, माल परत मागवताय का? म्हटलं, नाही हो, ओळख करून घेतेय. तो सतरा नंबर कडा कापणाऱ्या त्या बुटक्या बाईच्या हातून जातो. तिचा नातू त्याच बसनं जातो. तिनं तेव्हापासून एकही कड वाकडी कापलेली नाही, आणि दुसरीलाही कापू देत नाही. भांडणं होतात आता इथं, कडांवरून.

धाकटा : आणि काल?

ताई : काल चौदावा नमुना घेऊन गेले. फोन बंद केला, कारण तू नाहीतर ती माणसं, कुणीतरी करणार आणि मी मध्येच उठणार. सिस्टरांच्या काठीला टोपण बसवलं. त्यांनी आधी घरातल्या घरात चार फेऱ्या मारल्या. मग न्हाणीघराच्या दारात पाणी ओतायला लावलं. तिथं बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मी हात पुढं केला तर म्हणाल्या, "हात मागं घे. तू बघायला आलीयेस, धरायला नाही." आणि ओलांडलं. मग चप्पल मागितली. दाराबाहेर तीन पायऱ्या आहेत, त्या उतरल्या. गल्लीतून कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत गेल्या, स्वतःची गोळी स्वतः मागितली. मी दहा पावलं मागं. खरं सांगू? मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं आणि नजर काढवतही नव्हती. सारखी त्या टोकाकडे बघत होते. टेकलं, धरलं, सुटलं. टेकलं, धरलं, सुटलं. ते मी बनवलं होतं रे.

धाकटा : काही म्हणाल्या?

ताई : आभार वगैरे नाही. परत येऊन खुर्चीत बसल्या, श्वास घेतला आणि म्हणाल्या, "उद्या डावीकडच्या रस्त्यानं जाणार आहे. तिकडे उतार आहे. बघू तुझं टोपण काय करतं ते."

धाकटा : खमकी आहे बाई.

ताई : मी बसथांब्यापर्यंत चालत आले. बाबांचा हात लुळा पडला तेव्हा ही शेड माझ्याकडे आली. तू शिकत होतास, दुसरं कुणी नव्हतं. मी चालवली, कारण चालवायला हवी होती. नीट चालवली, कुणाला नाव ठेवायला जागा दिली नाही. पण मला कधी कुणी विचारलं नाही, मीही स्वतःला विचारलं नाही, की तुला हे हवंय का. काल थांब्यावर उभी असताना विचारलं.

धाकटा : आणि उत्तर आलं.

ताई : बस आली. उत्तर आधीच आलं होतं.

धाकटा : दे ते इकडे.

ताई : हात काळे होतील.

धाकटा : होऊ देत. मिस्त्री, नख रुततंय हो.

मिस्त्री : रुतणारच.

धाकटा : ताई, माझ्या ऑफिसात लोक विचारतात, तुझी बहीण काय करते. मी सांगतो, रबराचा छोटा कारखाना आहे. इतकी वर्षं तेवढंच सांगत आलो. मला वाटायचं, तुझी या कटकटीतून सुटका करावी.

ताई : तू काही वाईट केलं नाहीस. मीच जड झाले होते, तुला दुसरं काय दिसणार?

मिस्त्री : बाई, प्रेस तापलीय. पहिली दोनशेची खेप घालायचीय. लाल थर तुम्ही ठेवणार की मी?

ताई : मी ठेवते. आले. तू बस, चहा सांगते. ती माणसं आली की मीच बोलेन त्यांच्याशी. तुझ्यावर ढकलणार नाही.

धाकटा : तू जा. त्यांचाच फोन येतोय बघ. मी घेतो.

(धाकटा फोन कानाला लावतो. मागं प्रेस मिटल्याचा आवाज.)

धाकटा : हो साहेब, मीच बोलतोय. निघू नका, तेच सांगणार होतो... नाही, शेड विकायची नाही आता... नाही हो, दुसरं गिऱ्हाईक वगैरे काही नाही आलेलं. तुमचा वेळ गेला, त्याबद्दल माफी मागतो... मालकिणीशी? आत्ता नाही देता येणार फोन. त्या प्रेसवर आहेत.