शेवटच्या ओळीतल्या कल्पनाताई

नमस्कार. बसा, बसा, माझ्यासाठी कोणी उठू नका.

मी वंदना. बी विंगमध्ये राहते. कल्पनाताईंच्या बरोबर सकाळच्या व्यायामाच्या क्लासला असायचे. मला माईकवर बोलायची सवय नाही. मुलीनं कागदावर चार ओळी लिहून दिल्यात, पण वाचून बोलणं मला जमायचं नाही. राहू दे कागद.

हा हॉल बघा. कोपऱ्यात आपल्या मॅट रचून ठेवल्यात. रोज सकाळी सहाला इथं शिट्टी वाजायची. आज त्याच जागी ताईंचा फोटो आहे, हार आहे. मला तिकडं बघवत नाही.

दीड वर्षापूर्वी मी पहिल्यांदा या दारात आले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, शुगर काठावर आहे, हातपाय हलवा. मला वाटलं, योगासनं असतील. बघते तर काय, मोठ्यानं गाणी लागलेली, वीस-बावीस बायका उड्या मारतायत, जितूसर शिट्टी फुंकतायत. चाळीस सेकंद करायचं, वीस सेकंद थांबायचं, परत चाळीस. माझी छाती बघूनच धडधडायला लागली. अंगात पंजाबी ड्रेस, पायात चप्पल. मी मागच्या मागे वळले.

तेवढ्यात कोणीतरी माझी ओढणी धरली. कल्पनाताई! वीस वर्षं एमआयडीसीत पॅकिंगला उभ्या राहून काम केलेली बाई. त्यांच्या हातातून ओढणी सुटते होय?

म्हणाल्या, "कुठं चाललीस गं? शेवटच्या ओळीत ये. इथं उडी मारलीच पाहिजे असं कोणी लिहून ठेवलंय? त्या उडी मारतात, तू पाऊल टाक. त्या दहा करतात, तू पाच कर. आणि तोंड चालू ठेव. बोलता येतंय तोवर कर. बोलता येईना, की थांब."

हे शेवटचं जितूसरांनीच सगळ्यांना शिकवलेलं. आपण विसरलो. ताईंनी मनावर घेतलं. म्हणून त्या क्लासभर बोलत असायच्या. आठवतंय ना? सर वैतागायचे, "ताई, जरा गाणं ऐकू द्या!" तर ह्या म्हणायच्या, "गाणं बंद पडलं तर चालेल, मी बंद पडायला नको."

आज हे आठवलं की अंगावर काटा येतो.

पुढच्याच रविवारी मला बूट घ्यायला उल्हासनगरला घेऊन गेल्या. दुकानदार विचारतो, "आंटी, चलने के लिए चाहिए या भागने के लिए?" ताई म्हणाल्या, "भागना नहीं है भैया, टिकना है." तेच बूट आज घालून आलेय मी. शोकसभेला कोणी स्पोर्ट्सचे बूट घालून येतं का? पण दुसरं काही पायात घालवेना.

आता जे बोलणार आहे, त्याच्यासाठीच उभी राहिलेय. स्नेहल, बाळा, तू समोर बसलीयस. तुझ्या सासूबाईंबद्दल आहे. मला माफ करशील की नाही, माहीत नाही. पण ऐक.

क्लास सुरू व्हायच्या आधी सर रोज विचारतात, "कुणाला काही त्रास?" आणि आपण सगळ्या एका सुरात ओरडतो, "नाही सर!" शाळेत बाईंनी "समजलं का?" विचारलं की अख्खा वर्ग "हो" म्हणतो, तसं. कोणी विचार करून बोलतं का? गुडघा दुखत असला तरी "नाही सर!" चक्कर येत असली तरी "नाही सर!"

त्या सोमवारी जिना चढताना ताई मधेच थांबल्या. डावा हात चोळत होत्या. म्हणाल्या, "हात भरून आलाय, जबडा पण ओढल्यासारखा वाटतोय. गॅस असेल. काल वाटाण्याची उसळ जास्त झाली." मी पर्समधून ओवा काढून दिला. ओवा! मोठी डॉक्टरीणच ना मी! वर त्या म्हणाल्या, "जितूला सांगू नकोस हं. उगाच घरी पाठवेल."

सरांनी विचारलं, "कुणाला काही त्रास?"

ताई म्हणाल्या, "नाही सर." आणि मी? मी तर नेहमीपेक्षा मोठ्यानं म्हटलं, "नाही सर!"

त्या दिवशी ताईंनी अर्ध्याहून कमी केलं. पण मी तुम्हाला सांगते, त्या दिवशी शेवटच्या ओळीत आवाज नव्हता. ताई गप्प होत्या. जिनं मला शिकवलं की बोलता येईना तर थांब, ती माझ्या शेजारी गप्प होती आणि मी घड्याळातले सेकंद बघत होते.

बुधवारी दुपारी घरी मेथी निवडता निवडता ताई गेल्या.

तेव्हापासून सोसायटीत काय चाललंय, मला माहीत आहे. "त्या क्लासनं मारलं." "या वयात कशाला उड्या?" तिघींच्या घरच्यांनी त्यांना येऊ नको म्हणून सांगितलं. जितूसर खरवईहून आलेत, तिथं दाराशी उभे आहेत. आत यायचं धाडस होत नाही त्यांना. सर, आत या. तुम्ही विचारलं होतं. रोज विचारत होतात. खोटं आम्ही बोललो. मी बोलले.

क्लासनं त्रास वाढला का? सोमवारी दवाखान्यात नेलं असतं तर ताई वाचल्या असत्या का? मला माहीत नाही. डॉक्टरही ठामपणे सांगत नाहीत. कोणी मला "हो" म्हणून शिव्या दिल्या असत्या तरी बरं झालं असतं. हे माहीत नसणं फार वाईट आहे हो.

क्लास परत सुरू करायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. मी येणार. ताईंनी ओढणी धरून आत आणलंय, मला बाहेर जाता येणार नाही. फक्त एक करा. सरांनी विचारलं की एका सुरात ओरडायचं नाही. एकेकीनं आपलं आपलं सांगायचं. वेळ गेला तर जाऊ दे.

सर, आज तुम्ही नका विचारू. मीच विचारते.

कुणाला काही त्रास?

...बघा, सगळ्या गप्प.

मला आहे. आठ दिवस झाले, दुसऱ्या मजल्यावर पोचले की छातीत भरून येतं. भीतीनं असेल, दुःखानं असेल, आणखी कशानं असेल. घरी बोलले नाही. माझे मिस्टर मागे बसलेत, त्यांना आत्ता कळतंय. अहो, असे बघू नका. इथून सरळ दवाखान्यात जाऊ आपण.

स्नेहल, रडू नकोस... रड, रड बाळा.

चला, उभ्या राहूया सगळ्या. ताईंसाठी एक मिनिट गप्प राहू. एकच मिनिट. त्याच्यापुढं गप्प राहायचं नाही.