उंबऱ्यावर ठेवलेल्या हलुश्कीबाबत

नाव: बर्नडेट सोल्टिस. वय: ६४. काम: गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त. राहणार: १९, ब्रेकर स्ट्रीट, हॅडॉक पॅच, पेनसिल्व्हेनिया.

मी स्वतः पोलीस ठाण्यात हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी व माझा भाऊ स्टीफन, वय ५८, असे दोघे राहतो. स्टीफनला जन्मापासून चालता येत नाही. त्याला उठवणं, अंघोळ घालणं, खुर्चीत बसवणं ही कामं लॉरेन नावाची बाई रोज सकाळी सात ते अकरा करते. तिचा पगार मेडिकेडमधून, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्यातून होतो. त्या विम्याचा निधी कापायच्या ठरावावर परवा, शुक्रवारी वॉशिंग्टनला मतदान आहे. लॉरेनचं येणं थांबलं तर स्टीफनला सत्तर मैलांवरच्या शुश्रूषागृहात ठेवावं लागेल. माझ्या पाठीची दोन ऑपरेशनं झालेली आहेत.

आमचे काँग्रेसमधले, म्हणजे वॉशिंग्टनच्या संसदेतले सदस्य मिस्टर व्हिटकोम यांचं कार्यालय मेन स्ट्रीटवर आहे. मी पाच बुधवार तिथे गेले. दरवेळी वहीत नाव, पत्ता व विषय लिहिला. माझं अक्षर नन्सनी घोटवून घेतलेलं आहे. वाचता आलं नाही असं कुणी म्हणणार नाही. तिथल्या मिसेस पेल दरवेळी म्हणाल्या, "साहेब इथे नाहीत. निरोप पोचवते." चौथ्या वेळी मी म्हटलं, "तुमचा निरोप वॉशिंग्टनला चालत जातो का हो?" त्या हसल्या नाहीत.

आज, बुधवार १४ मे रोजी, सकाळी ११.३० वाजता सहाव्यांदा गेले. दाराला आतून कडी, आत दिवे, माणसांचे आवाज. दारावर कागद होता: निवेदनं पेटीत टाकावीत. आमच्याकडे काही मागायला रिकाम्या हातांनी जात नाहीत. म्हणून मी हलुश्की केली होती. कोबी, कांदा, नूडल्स, लोणी. स्टीफनची ताटली आधी काढून ठेवली. ट्रे काचेचा, आईचा. वर फॉइल, भोवती गाठ मारलेला टॉवेल, टॉवेलात चिठ्ठी. बुडाला चिकटपट्टीवर माझं नाव. भांडं परत यावं म्हणून इथे सगळेच लावतात. पेटीत ट्रे मावेना. तो उंबऱ्यावर ठेवला व समोरच्या बाकावर बसले.

११.५८ वाजता पोलिसांची गाडी आली. दारात गरम, गुंडाळलेली, बेवारस वस्तू असल्याची कार्यालयातून तक्रार होती. रस्ता बंद झाला. सार्जंट युर्कॅनिन शाळेत माझ्या हातचं जेवलेले आहेत. मी म्हटलं, "डॅनी, ती हलुश्की आहे."

ते म्हणाले, "कळतंय मला, मिसेस सोल्टिस. वास येतोय. पण तक्रार लिहिली गेलीय. आता बॉम्बशोधक पथक येईपर्यंत मलाही हात लावता येत नाही."

"मग नाकाचा जबाब घे."

"नाकाला सही येत नाही."

१२.४० वाजता मागच्या दाराने कार्यालयातली माणसं बाहेर काढली. पाचवे मिस्टर व्हिटकोम होते. पोलिसांनी लावलेल्या पिवळ्या पट्टीपलीकडे, माझ्यापासून दहा फुटांवर. मी म्हटलं, "साहेब, तो ट्रे माझा आहे. आत चिठ्ठी आहे." ते म्हणाले, "जपा हं, बाई. जरा लांब उभ्या राहा." व गाडीत बसले.

१.१५ वाजता पथकाने पाण्याच्या झोताने ट्रे फोडला. बुडाचा तुकडा मिळाला, नावासकट. चिठ्ठीचा लगदा झाला.

कुणाला घाबरवण्याचा माझा हेतू नव्हता. ट्रेबद्दल तक्रार नाही.

या जबाबाची प्रत तक्रारदाराला आजच जाते, व तक्रार मिस्टर व्हिटकोम यांच्या नावाने असल्याने ती मिळाल्याची सही त्यांनाच करावी लागते, असं मी विचारल्यावरून सार्जंटनी सांगितलं. तेव्हा चिठ्ठीतला मजकूर इथे जसाच्या तसा लिहून घ्यावा:

साहेब, उद्या सकाळी सातला आमच्याकडे या. लॉरेन स्टीफनला कशी उठवते ते बघा. पंधरा मिनिटं लागतात. मग शुक्रवारी मत द्या. दार उघडं असेल.

सार्जंटनी हे सगळं मला मोठ्याने वाचून दाखवलं. चिठ्ठीचा भाग मी दोनदा वाचायला लावला. मी सांगितलं तसंच आहे. खाली सही माझी.