अर्धा तास बसायचं

डॉ. आगाशे : ॲलर्जी? बारा वर्षं दर तीन आठवड्यांनी मी हिला पेनिसिलीन टोचलं, तेव्हा ही ॲलर्जी कुठे गेली होती, माहेरी?

उत्कर्षा : मॅडम, नंतरही डेव्हलप होऊ शकते. मी नेटवर वाचलं.

डॉ. आगाशे : वा! मग सर्टिफिकेटही नेटवरूनच घ्यायचं. त्यासाठी खराडीहून खडकीला कशाला आलात?

बायडाबाई : आवो बाई, पोरीला कंपनी अमेरिकेला धाडतीया. तुमी निस्तं ‘तब्येत चांगली’ येवढं लिवा. दोन शब्दांना किती बोलताय!

डॉ. आगाशे : तब्येत चांगली आहे का?

बायडाबाई : त्येच तर लिवायचंय.

डॉ. आगाशे : दहाची वेळ दिली होती, बायडाबाई. सव्वादहा झाले.

बायडाबाई : तुमचं घडाळ फुडं हाय.

डॉ. आगाशे : दवाखाना उघडल्यापासून तुम्ही हेच म्हणताय. दिवाळीआधी तोंड दाखवलंत, आता शिमगा झाला. एवढ्यात इंजेक्शनं कुठे घेतली?

उत्कर्षा : ऑफिससमोरच्या क्लिनिकमध्ये. एकदाच. इथे यायचं म्हणजे हाफ डे जातो, मॅडम. तिथे फोनवर अपॉइंटमेंट मिळते, एसी आहे...

डॉ. आगाशे : आणि इथे पंखासुद्धा कुरकुरतो. पुढे?

उत्कर्षा : पुढे रिॲक्शन आली. त्यांनी सांगितलं, पेनिसिलीन आता कधीच घ्यायचं नाही. गोळ्या दिल्या. दिवसातून दोनदा.

डॉ. आगाशे : घेतल्यास?

उत्कर्षा : शिफ्टमध्ये राहून जायच्या.

डॉ. आगाशे : राहून जायच्या! त्यांनाही प्रोजेक्टचं काम असेल. बरं, गुडघ्याला काय झालंय?

उत्कर्षा : कुठे काय?

डॉ. आगाशे : टेबलाला धरून बसलीस ती.

बायडाबाई : जिन्यावरनं घसरली.

डॉ. आगाशे : मी तुम्हाला विचारलं नाही. तुम्ही तर वकीलपत्रच घेऊन आला आहात.

उत्कर्षा : आई, पुरे आता. मॅडम, गेल्या महिन्यात घसा धरला होता. मग गुडघा सुजला. तो उतरला तर घोटा. आता दोन जिने चढले तरी धाप लागते.

बायडाबाई : लिफ्ट हाय की हाफिसात! हिलाच चढायची हौस.

डॉ. आगाशे : गप्प बसा जरा, छाती ऐकू द्या. श्वास घे. सोड. पुन्हा घे... हं. घाल बटण.

उत्कर्षा : ठीक आहे ना?

डॉ. आगाशे : नाही. अकरा वर्षांची होतीस तेव्हाही आधी घसा, मग सांधे, आणि तो ताप जाता जाता हृदयाच्या झडपेला चावून गेला. घशातला तो जंतू परत शिरू नये म्हणून दर तीन आठवड्यांनी सुई. आपण दार उघडं ठेवलं, तो आला. झडपेचा आवाज पूर्वीपेक्षा वाढलाय. इथून थेट हॉस्पिटलात जायचं, रक्त तपासायचं, इको काढायचा. मी सर्टिफिकेट देणार नाही.

उत्कर्षा : मॅडम, व्हिसाची डेट लागलीय! माझ्या जागी दुसऱ्याला पाठवतील.

डॉ. आगाशे : पाठवू देत. त्याची झडप चांगली असेल.

बायडाबाई : असं नका बोलू वो बाई. आमच्या बाजरीच्या रानात काचंची बिल्डिंग झाली, तिथं पोरगी खुर्चीत बसली. आता कुठं इमानात बसायची, तर तुमी...

डॉ. आगाशे : मला ती विमानातून परत उतरायलाही हवी आहे. आधी ही ॲलर्जी बघू. सुई टोचल्यावर अंगावर गांध्या उठल्या? खाज?

उत्कर्षा : नाही.

डॉ. आगाशे : ओठ सुजले? श्वास अडकला?

उत्कर्षा : नाही. सुई आत असतानाच डोळ्यांपुढे अंधारी आली. दरदरून घाम फुटला आणि पडले. आडवं करून पाय वर केले, तर लगेच बरं वाटलं.

डॉ. आगाशे : मग?

उत्कर्षा : मग... जाम भूक लागली.

डॉ. आगाशे : भुकेची रिॲक्शन! पुस्तकात घालायला हवी. सकाळी काय खाल्लं होतंस?

उत्कर्षा : काही नाही. संकष्टी होती. अमेरिकेचं जमावं म्हणून आईने धरायला लावल्यात. कडक. पाणीसुद्धा नाही.

डॉ. आगाशे : आणि सुई भरण्याआधी मी तुला काय विचारायचे?

उत्कर्षा : खाल्लंस का? नाही म्हटलं की ड्रॉवरमधून चिक्की द्यायचात.

डॉ. आगाशे : ती काय लाडाने देत होते? पोटात अन्न नाही, पाणी नाही, वर ते दुधासारखं दाट औषध आणि जाड सुई. घोडाही आडवा होईल. त्याला रिॲक्शन म्हणत नाहीत, घेरी म्हणतात.

बायडाबाई : पन त्यो डाक्टर शिकल्याला हाय. त्योच म्हणला.

डॉ. आगाशे : तो घाबरला म्हणून म्हणाला. तुम्ही का लगेच ऐकलंत? माझं एक वाक्य तुम्ही वाद घातल्याशिवाय ऐकलेलं नाही. लग्नसराई असो, सुगी असो, हिला ओढत आणलीत. आणि तो एकदा ‘नको’ म्हणाला, तर मला एक फोनसुद्धा नाही. एवढा आनंद झाला?

बायडाबाई : झाला. खोटं कशाला बोलू? त्या दिशी म्या घरी जाऊन पोटभर जेवले.

उत्कर्षा : आई?

बायडाबाई : माझा भाऊ पोपट, मांजरी गावचा. त्याचा बी निस्ता घसाच धरला व्हता. गावात एक सुया टोचत फिरायचा. त्यानं ह्येच औशीद टोचलं, काय इचारलं न्हाई, बघितलं न्हाई, सायकलवर टांग टाकून गेला. पोपट म्हणला, आक्के, अंग लई खाजतंय. बघता बघता वठ सुजलं. म्या पानी आणाया आत गेले. भायेर आले तर... तांब्या हातातच ऱ्हायला.

उत्कर्षा : मामाला साप चावला म्हणाली होतीस तू.

बायडाबाई : तुला त्येच टोचून घ्यायचं व्हतं जलमभर. काय सांगू मग?

डॉ. आगाशे : मला सांगायचं होतंत, बायडाबाई.

बायडाबाई : तुमी टोचायचं सोडलं असतं तर? दोन डाक्टरांनी आधी हात जोडलेच व्हते, ह्यात लई जोखीम म्हणले. तुमीच एकल्या टोचीत व्हता. म्हून गप बसले. टोचलं की भायेर बाकावर बसायचं आन् हिच्या वठाकडं बघायचं.

डॉ. आगाशे : आणि मला वाटायचं, तुम्ही माझ्या बाकाचं भाडं वसूल करता.

बायडाबाई : आता न्हाई होत बाई माझ्यानं. भ्या वाटतं.

डॉ. आगाशे : वाटणारच. पोपटला झालं ती खरी रिॲक्शन. क्वचित येते, पण आली तर मिनिटांत माणूस नेते. म्हणून तर टोचणाऱ्याने सायकलवर बसायचं नसतं, शेजारी बसायचं असतं. हा ट्रे बघा. तसं झालंच तर ही ॲड्रेनलिनची कुपी, हा ऑक्सिजन. सुई भरण्याआधी हे मांडते. आधी हिच्या हाताच्या कातडीत थेंबभर देऊन बघू. काही उठलं, तर मी स्वतःच नको म्हणेन.

बायडाबाई : मामाचं भाचीत आलं असंल तर?

डॉ. आगाशे : तसं सहसा येत नाही. तुमच्या घरात वारशाने फक्त हट्ट येतो. उत्कर्षा, घे, चिक्की खा.

उत्कर्षा : मॅडम, आज पण संकष्टी आहे.

डॉ. आगाशे : शेंगदाणे आणि गूळ. उपासाला चालतं हे, शहाण्यांनो!

बायडाबाई : खा गं. गणपतीला म्या सांगते काय ते.

(थेंबाच्या जागी काही उठलं नाही. पडद्याआड इंजेक्शन झालं आणि मायलेकी बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या.)

उत्कर्षा : आई गं! औषध आहे की सिमेंट, मॅडम?

डॉ. आगाशे : तुमच्या बाजरीच्या रानात ओतलं तेव्हा नाही कोणी ओरडलं. बस आता तिथे अर्धा तास. अंग खाजलं, घशात काही वाटलं, तर लगेच हाक मारायची. मी इथेच आहे.

उत्कर्षा : आई, मनगट सोड. दुखतंय.

बायडाबाई : बस गप. हिकडं तोंड कर.

उत्कर्षा : किती बघशील? ओठ आहेत तिथेच आहेत.

बायडाबाई : असू देत. बघू दे.

उत्कर्षा : बाकी... सापापेक्षा खरं सांगितलं असतंस, तर मी गोळ्या तरी चुकवल्या नसत्या.

बायडाबाई : सांगितलं असतं, तर तू सुई घेतली असतीस?

उत्कर्षा : ...माहीत नाही.

डॉ. आगाशे : चला, झाला अर्धा तास. ओठ ठीक, श्वास ठीक, नाडी ठीक. सोडा आता तिचा हात, बायडाबाई. इकोला जायचंय.

बायडाबाई : तुमचं घडाळ फुडं हाय, बाई. बसू द्या वाईच.